मेलेल्यांचा हिशेब कुठला गेम ठेवतो?

'गेमच तर आहे, त्यात कसले राजकारण बघता?' हे वाक्य ज्यांना वरचेवर ऐकावे लागते त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांच्या तोंडून ते येते त्यांनी तर तो जरूर वाचावा. युद्धाच्या व्हिडिओ गेममध्ये राजकारण असतेच. ते झेंड्यात आणि भाषणात शोधू नका. पडद्यावर माणूस मेला तर खेळणाऱ्याला ते किती महागात पडते, तिथे शोधा. ही एकच कसोटी लावली तर १९९८ सालचा, महाकाय यंत्रांच्या लढाईचा एक काल्पनिक गेम आजच्या तथाकथित 'वास्तववादी' युद्धगेमपेक्षा कितीतरी प्रामाणिक ठरतो.

त्या गेमचे नाव 'मेककमांडर'. फासा इंटरॅक्टिव्हने तो बनवला आणि मायक्रोप्रोजने बाजारात आणला. गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर, सहरीपर्यंत जागायचे म्हणून, एका जुन्या लॅपटॉपवर मी तो पुन्हा खेळलो. (यावर ज्यांच्या भुवया उंचावल्या त्यांच्याकडे पुढे येतोच.)

गेमची दुनिया 'बॅटलटेक'ची आहे. १९८४ मध्ये टेबलावर सोंगट्या मांडून खेळायचा खेळ म्हणून ती सुरू झाली. काळ एकतिसाव्या शतकाचा. माणूस शेकडो ग्रहांवर पसरला आहे, पण राज्य पुन्हा सरंजामी घराण्यांचे आले आहे. लढाया होतात त्या 'मेक'च्या, म्हणजे २० ते १०० टन वजनाच्या चालत्या यंत्रांच्या. प्रत्येक मेकमध्ये एक माणूस बसलेला असतो. इतर अनेक गेम तुम्हाला त्या माणसाच्या जागी बसवतात. मेककमांडर तुम्हाला सेनापती करतो. पोर्ट आर्थर नावाचा ग्रह स्मोक जॅग्वार या टोळीच्या ताब्यातून सोडवायचा आहे आणि तुम्ही वरून नकाशा पाहावा तसे मैदान पाहत हुकूम देता.

खरी गंमत लढाईच्या आधी आणि नंतर आहे. प्रत्येक मोहिमेला वजनाची मर्यादा असते, तेवढ्यातच यंत्रे न्यायची. हातात मोजके पॉइंट असतात. त्यातूनच यंत्रे, शस्त्रे, दुरुस्ती आणि माणसे. शत्रूचे यंत्र फार न मोडता पाडले तर ते दुरुस्त करून आपल्या ताफ्यात घेता येते. म्हणजे अंदाधुंद गोळीबार तोट्यात नेतो, संयम फायद्यात ठेवतो. पायलटांना टोपणनावे आहेत, चेहरे आहेत, रेडिओवरचा आवाज आहे. नवशिका पायलट मोहिमेगणिक तयार होत जातो. आणि मेला की मेला. त्याच्या जागी पॉइंट मोजून दुसरा आणावा लागतो, तो पुन्हा कच्चा. यंत्राचा पत्रा नव्याने बसवता येतो, आठ-दहा लढायांत कमावलेला हात परत मिळत नाही. हुकूम तुमचा, मरण त्याचे आणि पुढच्या प्रत्येक मोहिमेत रिकामी जागा तुमच्या डोळ्यांसमोर.

ही परंपरा टिकली आहे. बॅटलटेकच्या मूळ निर्मात्यांपैकी एक, जॉर्डन वाइसमन, यांच्या हेअरब्रेन्ड स्कीम्सने २०१८ मध्ये काढलेल्या 'बॅटलटेक' गेममध्ये दर महिन्याला पायलटांचे पगार द्यावे लागतात, जखमींना बरे व्हायला दिवस लागतात आणि पैसे संपले तर तुमची भाडोत्री कंपनी बुडते.

आता दुसरीकडे या. २००७ चा 'कॉल ऑफ ड्युटी ४' घ्या. त्यात मध्यपूर्वेतला एक देश आहे. देशाला नावसुद्धा दिलेले नाही. अरब आहेत एवढे पुरेसे, नावाची गरज काय! तुम्हाला गोळी लागली तर भिंतीआड काही क्षण थांबा, जखम आपोआप बरी होते. समोरच्यांचे काय? काही ठिकाणी तुम्ही पुढची ठरावीक रेष ओलांडेपर्यंत शत्रू येतच राहतात. कितीही मारा, संपत नाहीत. मेककमांडरमध्ये एका नवशिक्या पायलटची किंमत मोजावी लागते. इथे अरब माणूस नळाच्या पाण्यासारखा वाहत येतो. 'वास्तववाद' तो हाच.

याच मालिकेच्या २००९ च्या गेममध्ये 'कराची' नावाचा नकाशा आहे. दुकानांच्या पाट्या अरबीत! माझा पुतण्या नववीत आहे, मक्तबात कुराण शिकला आहे. पाट्या पाहून म्हणाला, "चाचा, हे तर अरबी आहे. कराचीत उर्दू असते ना?" जगभर कोट्यवधी रुपये कमावणाऱ्या कंपनीला जे तपासावेसे वाटले नाही ते नववीतल्या पोराच्या लक्षात आले. अज्ञान म्हणून हे सोडून देता येत नाही. बंदुकीच्या नळीवरचा एकेक स्क्रू अचूक काढणाऱ्यांना पाट्याही अचूक काढता आल्या असत्या. ज्यांना फक्त मारायचे आहे त्यांची भाषा कोणती, याने त्यांना फरक पडत नव्हता.

२०१९ च्या आवृत्तीने तर कमाल केली. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेतहून बसराकडे माघार घेणाऱ्या इराकी ताफ्यांवर अमेरिकेच्या नेतृत्वाखालील विमानांनी बॉम्ब टाकले. तो रस्ता 'हायवे ऑफ डेथ' म्हणून इतिहासात नोंदला गेला. गेममध्ये उर्झिकस्तान नावाचा खोटा देश आहे, त्यात याच नावाचा रस्ता आहे आणि तिथे बॉम्ब टाकणारे आहेत रशियन! रशियाने सिरियात आणि चेचन्यात काय केले ते मला ठाऊक आहे, त्याची वकिली मला करायची नाही. पण एकाचे कृत्य दुसऱ्याच्या नावावर टाकायचे आणि वर 'आम्ही फक्त करमणूक करतो' म्हणायचे, हा कुठला न्याय?

'सिक्स डेज इन फलुजा'चेही तेच. नोव्हेंबर २००४ च्या फलुजाच्या लढाईवरचा हा गेम कोनामीने २००९ मध्ये जाहीर केला आणि टीका होताच अंग काढून घेतले. २०२१ मध्ये तो दुसऱ्या कंपनीकडून पुन्हा जाहीर झाला. तेव्हा अमेरिकेतल्या 'केअर' या मुस्लिम नागरी हक्क संघटनेने सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि व्हॉल्व्हला तो विकू नका असे सांगितले. तरी २०२३ मध्ये तो विक्रीला आलाच. इराकी कुटुंबाचीही बाजू असेल, असे निर्माते म्हणाले. पण खेळाडूच्या हातात प्रामुख्याने बंदूक दिली ती अमेरिकन मरीनची. त्याच लढाईत पांढरा फॉस्फरस वापरल्याचे पेंटागॉनने २००५ मध्ये मान्य केले होते. फलुजात आजही लोक राहतात. पोर्ट आर्थर ग्रहावर कुणी राहत नाही.

यावर कुणी म्हणेल, तुमच्या लाडक्या गेममध्ये तरी शत्रूच्या पायलटला कुठे चेहरा आहे? आक्षेप रास्त आहे. मेककमांडर हिशेब ठेवतो तो आपल्याच बाजूचा. पोलादी कवच आतला माणूस झाकते, म्हणून त्याला मारणे सोपे जाते, हेही खरे. पण स्मोक जॅग्वार टोळीचा म्हणून रेल्वेच्या डब्यात कुणाला उठवले जात नाही. दाढी पाहून किंवा नाव ऐकून घर नाकारले जाते ते खऱ्या माणसांना. शिवाय या दुनियेच्या लेखकांना युद्धाबद्दल भोळा भाव नाही. त्यांच्या काल्पनिक इतिहासात 'एरीस कन्व्हेन्शन' नावाचे युद्धाचे नियम आहेत. सामान्य लोकांना वाचवण्यासाठी केलेले ते नियम युद्धालाच प्रतिष्ठा देऊन जातात. इतके परखड भाष्य मरीनच्या गेममध्ये दाखवा.

आता भुवया उंचावणाऱ्यांकडे. आपल्याकडचे बुजुर्ग 'गेम म्हणजे वेळेची बरबादी' म्हणून विषय मिटवतात. काही जण थेट हराम ठरवतात. त्याने पोरे खेळायची थांबली नाहीत. फक्त ती काय खेळतात याबद्दल घरात बोलणे थांबले. अमेरिकी लष्कराने २००२ मध्ये भरतीसाठी स्वतःचा गेम काढला आणि फुकट वाटला. माध्यमाची ताकद त्यांना कळली, आपल्याला अजून नाही. दमिश्कच्या दार अल-फिक्र या प्रकाशन संस्थेला मात्र कळली. २००१ मध्ये त्यांनी 'अंडर अॅश' काढला. त्याचा नायक अहमद हा पॅलेस्टिनी तरुण आहे आणि सामान्य नागरिकाला मारणे खेळाडूलाच भोवते. त्यावर प्रचाराचा आरोप झाला. होऊ द्या. मरीनचा गेम प्रचार नाही आणि अहमदचा तेवढा प्रचार, हे ठरवणारे कोण?

पुण्या-मुंबईत गेम स्टुडिओ आहेत, आपली इंजिनियर पोरे तिथे नोकऱ्या करतात. उत्तर त्यांनी द्यावे, आणि सूडाचे देऊ नये. अमेरिकन मारण्याचा गेम काढून काहीच साधणार नाही, त्यातही मेलेले फुकटच जातील. गेम असा हवा की ज्यात कुणाचेच मरण फुकट नसेल. तोवर आईबापांनी एवढे करावे: पोराशेजारी अर्धा तास बसा आणि त्याला विचारा, तू आत्ता ज्याला मारलेस तो कोण होता, कुठला होता, आणि तो मेल्याने तुझे काय गेले? फोन हिसकावून घेण्याची गरज नाही. हे प्रश्न त्याला दुसऱ्या दिवशीही आठवतील.