सहकुटुंब पाहावा असा 'थ्री ऑफ अस'

मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात नोकरी करणाऱ्या शैलजाला स्मृतिभ्रंश जडू लागला आहे. सारे पुसले जाण्याआधी ती पतीसह वेंगुर्ल्याला जाते. तिचे बालपण तिथेच गेलेले. शाळासोबती प्रदीप आता तिथे संसारात रमला आहे. जुन्या मैत्रीवरून दोन्ही घरांत आदळआपट होत नाही, हीच या चित्रपटाची खुमारी!

दिग्दर्शक अविनाश अरुण यांचा हा हिंदी चित्रपट नोव्हेंबर २०२३ मध्ये चित्रपटगृहांत आला. शेफाली शाह, जयदीप अहलावत आणि स्वानंद किरकिरे तिघेही संयत. गती संथ आहे, पण कंटाळा येत नाही. घरात कुणी विसराळू होत चालले असेल, तर जरूर पाहा. मग त्यांना त्यांच्या गावाबद्दल विचारा. आठवतेय तोवरच!