‘मिळून आला’

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यातली शस्त्राच्या गुन्ह्याची फिर्याद उचला, तिचा शेवट ठरलेला असतो: ‘विनापरवाना, बेकायदेशीररीत्या कब्जात बाळगताना मिळून आला.’ हत्यार मिळून आलं, इसमही मिळून आला, विषय संपला. पुढे तो सुटला की चावडीपासून चॅनेलपर्यंत एकच सूर लागतो: कट्टा सापडला तरी वकिलानं तांत्रिक मुद्द्यावर सोडवला!

यात एक गोष्ट खरी आहे. गावठी कट्ट्यांनी माणसं मरतात, आणि कच्च्या पंचनाम्यामुळे कधी कधी खरा दोषीही निसटतो. पण ‘तांत्रिक’ म्हणून ज्यांची हेटाळणी होते, ते मुद्दे जरा उलगडून बघू.

पहिला जाणिवेचा. शस्त्राचा ताबा म्हणजे ते आपल्याकडे असल्याची जाणीव आणि त्यावर आपला अंमल, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७२ सालीच सांगितलंय. गाडीच्या सीटखाली पिस्तूल निघालं, तर वाटेत लिफ्ट घेऊन मागे बसलेल्याचं काय? विमानतळावर जुन्या बॅगेच्या अस्तरात एखादं काडतूस निघाल्याची कित्येक प्रकरणं उच्च न्यायालयांनी याच कारणावरून रद्द केली. जाणीव वगळली, तर उरतं नुसतं लोखंड आणि त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस.

‘मला माहीत नव्हतं’ असं काय, कुणीही म्हणेल! म्हणेल की, पण म्हटल्यानं भागत नाही. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, असा अर्थ घटनापीठानं १९९४ साली लावला तो संजय दत्तच्याच प्रकरणात. त्याच संजय दत्तला २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं शस्त्र कायद्याखाली दोषी धरलं आणि सहाऐवजी पाच वर्षांची शिक्षा दिली. तत्त्व त्याच्या खटल्यातून आलं, तरी त्याला सोडवू शकलं नाही.

आता कोयता. बीडकडून उसाच्या फडावर येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’च म्हणतात, माणूस आणि अवजार यांत तिथं फरकच उरलेला नाही. पुण्यात ‘कोयता गँग’ गाजली आणि त्याच अवजाराला वेगळा वास आला. २०१६च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं मोडतात खरी. पण घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेली त्यांतून वगळली आहेत. शिवाय अशा हत्यारांसाठी शस्त्र कायद्याचं कलम ४ लागू व्हायला त्या भागासाठी अधिसूचना असावी लागते. तिची प्रत कुठे आहे, असं वकिलानं विचारलं की सरकारी पक्ष कधी कधी फाइल चाळत बसतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा मनाई आदेशही ठरावीक दिवसांपुरता असतो. त्या तारखेला तो जारी होता का, हा प्रश्न खुसपट कसा? रात्री दोन वाजता चौकात कोयता नाचवणाऱ्या पोराला पकडायलाच हवं. त्यासाठी फडावरून परतणाऱ्याला त्याच कलमात बसवायची गरज नाही.

विनापरवाना बंदुकीच्या खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ती छापील नमुन्यावर नुसती सही मारून आली, तर न्यायालय विचारणारच. कारण २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा बंदुकीला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, आणि विशेष कारण नोंदवल्याशिवाय ती कमी करता येत नाही.

राहिले पंच आणि मुद्देमाल. दर जप्तीला तोच पानटपरीवाला पंच म्हणून हजर, लाखेच्या सीलचा पत्ता नाही, पिस्तूल प्रयोगशाळेत जाईपर्यंत कुणाच्या कपाटात पडून होतं याची नोंद नाही. यातली एकही चूक बचावाच्या वकिलानं केलेली नसते. तो फक्त ती मोठ्यानं वाचून दाखवतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण सक्तीचं केलंय. मोबाइल तर प्रत्येक शिपायाच्या खिशात आहे. आरोपी सुटल्याचा संताप येईल, तेव्हा आधी ते चित्रीकरण मागून बघा. कट्टा त्याच्या कमरेतून निघताना त्यात स्वच्छ दिसत असेल, तर उलटतपासणीत विचारायला वकिलाकडे फारसं काही उरत नाही.