अंटार्क्टिकाची जाहिरात आपल्या वस्तीत कधी पोहोचणार?

मागे एक तरुण माझ्या ऑफिसात आला. आयटीआयचा डिझेल मेकॅनिक, गॅरेजमध्ये रोजावर काम करणारा. खिशातून वर्तमानपत्राचे कात्रण काढून त्याने टेबलावर ठेवले. अंटार्क्टिका मोहिमेसाठी वाहन मेकॅनिक, जनरेटर ऑपरेटर, वेल्डर, सुतार, स्वयंपाकी हवेत, थेट मुलाखतीला या, अशी ती जाहिरात होती. त्याने विचारले, "वकीलसाहेब, हे खरं आहे का? आणि तिथं आपल्याला घेतात का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. जाहिरात खरी होती. फक्त मुलाखतीची तारीख चार दिवसांपूर्वी उलटून गेली होती. दुसऱ्या प्रश्नासाठी हा लेख.

ध्रुवीय मोहिमांचे काम पाहणारी सरकारी संस्था आपल्या शेजारीच, गोव्यात वास्को-द-गामा येथे आहे. तिचे नाव राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. १९९८ साली स्थापन झालेली ही स्वायत्त संस्था केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली येते. त्याआधी, डिसेंबर १९८१ मध्ये, डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम गोव्यातूनच निघाली होती. आज अंटार्क्टिकावर 'मैत्री' (१९८९) आणि 'भारती' (२०१२) ही दोन केंद्रे चालू आहेत. उत्तर ध्रुवाकडे नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये २००८ पासून 'हिमाद्री' आहे. हा सगळा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशातून होतो.

ही संस्था लहान असली तरी तिथली खुर्ची लहान नाही. या केंद्राचे संचालक राहिलेले डॉ. एम. रविचंद्रन २०२१ मध्ये थेट मंत्रालयाचे सचिव झाले. आज प्रयोगशाळेत कोण शिरतो, यावर उद्या धोरण कोण ठरवणार हे अवलंबून असते. म्हणून अशा संस्थेतील नेमणुका, बढत्या आणि प्रशिक्षणाच्या संधी ही केवळ त्यांची घरगुती बातमी नव्हे.

आता कायदा पाहू. संस्था स्वायत्त असली म्हणून ती संविधानाबाहेर जात नाही. सरकारच्या पैशावर आणि नियंत्रणाखाली चालणारी संस्था अनुच्छेद १२ प्रमाणे 'राज्य'च ठरते, हे सुप्रीम कोर्टाने अजय हसिया प्रकरणात स्पष्ट केले आहे. कायम पदांना १९९७च्या आदेशाप्रमाणे पदाधारित बिंदुनामावली लागते. अखिल भारतीय खुल्या स्पर्धेतून होणाऱ्या भरतीत अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना साडेसात टक्के आणि इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा आहेत.

मात्र विज्ञान संस्थांमध्ये तीन फटी आहेत आणि त्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हव्यात.

पहिली फट १९७५च्या आदेशाची. प्रत्यक्ष संशोधन करणारी किंवा संशोधनाला दिशा देणारी वैज्ञानिक-तांत्रिक पदे मंत्र्याच्या मंजुरीने आरक्षणातून वगळता येतात. पण ही सूट फक्त गट 'अ'च्या सर्वात खालच्या पायरीच्या वरच्या पदांना आहे. प्रवेशाच्या पायरीवर आरक्षण आहेच. "विज्ञानात आरक्षण नसते" असे कोणी सांगितले तर तो अर्धा आदेश वाचून बोलतो आहे, असे समजा.

दुसरी फट एकाकी पदाची. संवर्गात एकच पद असेल तर तिथे आरक्षण लावता येत नाही, असा घटनापीठाचा निकाल चंदीगडच्या पीजीआय प्रकरणात १९९८ साली आला. त्यामुळे संवर्गाचे जितके तुकडे पडतील तितकी बिंदुनामावली पोकळ होत जाते. तुकडे कसे पाडले आहेत, हे विचारणारा कोणीतरी लागतो.

तिसरी फट सर्वात मोठी, ती कंत्राटाची. मोहिमेवर जाणारे मेकॅनिक, वेल्डर, प्रकल्पावरचे कर्मचारी ठराविक मुदतीसाठी घेतले जातात. अशा वेळी "ही काही नोकरी नव्हे, आरक्षण कसले?" हे वाक्य सगळ्याच कार्यालयांत ऐकू येते. ते चूक आहे. ४५ दिवस किंवा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांतही आरक्षण द्यावे, असा केंद्राचा जुनाच आदेश आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा बजावला गेला आणि २०२३ मध्ये केंद्राने सुप्रीम कोर्टासमोरही तेच सांगितले. अंटार्क्टिकात हिवाळा काढणारी तुकडी वर्षभर तिथे राहते. वर्षाचे दिवस ४५ पेक्षा जास्त असतात, एवढे गणित तर सर्वांना येते!

प्रश्न विचारले की फरक पडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाने थेट भरतीच्या ४५ जागांची जाहिरात काढली. तिच्यात आरक्षण नव्हते. देशभर आवाज उठला आणि अवघ्या तीन दिवसांत जाहिरात मागे घ्यावी लागली.

गोव्याच्या केंद्रावर मी कसलाही आरोप करीत नाही. माझा प्रश्न आपल्याला आहे. आपल्या कर्मचारी संघटना बँकेत आहेत, रेल्वेत आहेत, टपाल खात्यात आहेत. संशोधन संस्थेच्या फाटकापर्यंत आपण कधी गेलो? माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा एक अर्ज करून चार गोष्टी मागता येतात: अद्ययावत बिंदुनामावली, १९७५च्या आदेशाखाली वगळलेल्या पदांची यादी आणि तिची मंजुरी, मागील पाच वर्षांतील कंत्राटी नेमणुकांची प्रवर्गनिहाय संख्या, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या संपर्क अधिकाऱ्याचे नाव. उत्तर चोख आले तर आनंदच आहे. तेच उत्तर आपल्या मुलांना दाखवू. उत्तरात खोट निघाली तर अनुसूचित जाती आयोग आहे, हायकोर्ट आहे.

शिक्षणाची बाजूही तितकीच महत्त्वाची. भूशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, हवामान, समुद्रविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना या केंद्रात प्रकल्प आणि संशोधन करता येते. पीएच.डी.साठी अनुसूचित जातींची राष्ट्रीय फेलोशिप आहे, परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. पण या सूचना मिलिंद विज्ञान महाविद्यालयाच्या किंवा तालुक्याच्या आयटीआयच्या फलकावर कोण लावणार? १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत आणि त्यांच्यासोबत सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर उतरल्या. त्याआधी भारतीय मोहिमेतून तिथे एकही स्त्री गेली नव्हती. गेल्यावरच "बायका तिथे कशा टिकणार?" हा प्रश्न मिटला.

१९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात नोकऱ्यांबरोबर विज्ञान आणि तंत्रशिक्षणाची मागणी केली होती. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी, असे त्यांनी मागितले होते. शास्त्रज्ञाची खुर्ची आणि कारागिराचे यंत्र, दोन्ही त्यांच्या नजरेत होते. ध्रुवावर तर हे दोघे एकमेकांवाचून जगू शकत नाहीत. जनरेटर बंद पडला तर संशोधन दूरच, माणसेच गारठतील. तिथे डिझेल मेकॅनिकचा हात हीच गुणवत्ता.

२०२४ मध्ये कोची येथे भरलेल्या अंटार्क्टिक कराराच्या बैठकीत भारताने 'मैत्री-२' उभारण्याचा इरादा जाहीर केला. नवे केंद्र उभे करायचे तर नवे हात लागतील. प्रत्येक विहारात, प्रत्येक वाचनालयात एका कार्यकर्त्याने एवढेच काम अंगावर घ्यावे: दर आठवड्याला केंद्रीय संस्थांच्या जाहिराती पाहायच्या, छापून फलकावर लावायच्या आणि शेवटच्या तारखेवर लाल रेघ मारायची.

तो मेकॅनिक पुढच्या भरतीची तयारी करतो आहे. मोहिमेच्या उमेदवारांची वैद्यकीय तपासणी दिल्लीच्या एम्समध्ये आणि बर्फातले प्रशिक्षण उत्तराखंडातल्या औलीला होते, असे कळल्यापासून तो पहाटे धावायला जातो. आपल्याला घेतात का, या त्याच्या प्रश्नाला मी एवढेच उत्तर दिले: कायदा घ्यायला सांगतो. तू अर्ज वेळेवर पोहोचव, कायदा पोहोचवायचे काम आमचे.