नुसतं 'छान' नको

पालकहो, मोठ्या वर्गाला मागे 'श्वास' (२००४) दाखवला आणि घरून परीक्षण लिहून आणायला सांगितलं. वह्या वाचायला बाईंनी आमच्याकडे दिल्या. चौदापैकी अकरा वह्यांत तेच: सिनेमा खूप छान आहे, आजोबांचं काम छान आहे, सर्वांनी जरूर पाहावा. (अक्षर मुलांचं आणि भाषा आयांची, हे ओळखायला इंजिनियर व्हावं लागत नाही.)

आम्हीही त्यातलेच. आमच्या कन्येने लिहिलं होतं की आजोबांनी परशाला कुणाला न सांगता हॉस्पिटलातून नेलं, ते चूक. आम्ही चिडलो. "अगं, ऑपरेशननंतर त्या पोराला कधीच दिसणार नव्हतं! आणि 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रीय सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला तो याच सिनेमाला. खोड ते." तिने मुकाट्याने खोडलं आणि लिहिलं, छान आहे.

ऑफिसात आमचा प्रोग्रॅम तपासून कुणी नुसतं 'छान' म्हटलं तर आम्ही समजतो, गड्याने वाचलेलाच नाही. मग मराठी सिनेमाला वेगळा न्याय का? परदेशात मराठीला नावं ठेवली जाऊ नयेत, ही आपली भीती. पण इंग्रजीत वाद घालायचा आणि मराठीत फक्त कौतुक करायचं, असं ठरलं तर मुलं विचार कुठल्या भाषेत करतील? 'टीका' या शब्दालाही आपण उगाच घाबरतो. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच की!

शिवाय कन्येचा आक्षेप हा खुद्द सिनेमातल्या डॉक्टरांचाच आहे. तेही आजोबांवर असेच संतापतात. म्हणजे पोरीने सिनेमा नीट पाहिला होता. तिच्या लिखाणात उणीव होती ती वेगळीच. आजोबा डॉक्टरांना काय उत्तर देतात, ते तिला पटलं का, नसेल तर का नाही, हे तिने लिहिलंच नव्हतं. आपण विचारायला हवं होतं ते हे. आम्ही खोडरबर दिला.

शेवटी वही तिला परत दिली आणि पुन्हा लिही म्हटलं. या वेळी दीड पान झालं. आजोबांची बाजू आली आहे, तरी तिचं मत तेच आहे. वर आणखी एक वाक्य: कोकणातली दृश्यं मधूनमधून येतात तेव्हा गोष्ट थांबते.

आम्हाला नेमकी तीच दृश्यं सर्वांत आवडली होती. पण खोडलं नाही.