कणा नाही म्हणून वेदना नाही?

सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रापासून दूर वसलेल्या खंडाळा तालुक्यात बसून अष्टपाद, माकूल आणि माखली या शीर्षपाद प्राण्यांच्या सुखदुःखाची चर्चा करणे अनेकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु याच तालुक्यात, शिरवळ येथे, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आणि जेथे मुक्या प्राण्याची वेदना ओळखण्याचे व शमविण्याचे शास्त्र शिकविले जाते, तेथेच हा प्रश्न प्रथम उपस्थित झाला पाहिजे. पाठीचा कणा नाही एवढ्याच सबबीवर, उंदराला आणि सशाला प्रयोगशाळेत मिळणारे संरक्षण शीर्षपाद प्राण्यांना नाकारणे न्याय्य आहे काय? नाही, असे आमचे निःसंदिग्ध मत आहे. आणि त्याच्या मंडनापूर्वी प्रतिपक्षाची कैफियत यथान्याय ऐकून घेणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिला आक्षेप असा की, शिंपल्याच्या व गोगलगाईच्या कुळातल्या या जीवाला बुद्धी कोठली? पाण्यात हात घातला की अष्टपाद त्याच्याजवळ येतो, म्हणून ॲरिस्टॉटलनेही त्याला मूर्ख ठरविले होते. पण ज्याच्या देहात सुमारे 50 कोटी चेतापेशी असून त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश बाहूंत विखुरलेल्या आहेत, त्याची परीक्षा कुळावरून नव्हे, करणीवरून व्हावयास हवी. दोन रंगांच्या चेंडूंपैकी एकच निवडण्यास शिकविलेल्या अष्टपादाकडे नुसते पाहून दुसराही तोच चेंडू निवडू लागतो, हे संशोधक फिओरितो आणि स्कोत्तो यांनी 1992 साली प्रसिद्ध केले. इंडोनेशियाच्या समुद्रतळावरील अष्टपाद नारळाच्या करवंट्या पुढील आसऱ्यासाठी वाहून नेतात, हे 2009 साली नोंदले गेले. आणि अधिक आवडत्या खाद्यासाठी माखली समोरचा घास सोडून दोन मिनिटांपर्यंत थांबते, हे 2021 साली दिसून आले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अष्टपादाचा तोडलेला बाहूसुद्धा टोचल्यावर आखडतो. तेव्हा त्याची हालचाल ही वेदना नसून केवळ प्रतिक्षिप्त क्रिया होय, असे म्हणतात. नुसत्या आखडण्याने वेदना सिद्ध होत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु संशोधक रॉबिन क्रुक यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बाहूत सौम्य ॲसिटिक आम्ल टोचल्यानंतर ज्या कप्प्यात ठेवले तो पूर्वी आवडता असलेला कप्पा अष्टपाद टाळू लागले. आणि बधिरीकरणाचे औषध देऊन जेथे आराम पाडला, तो कप्पा त्यांनी पसंत केला. दुःखाचे स्थान स्मरणात ठेवून ते टाळणे आणि उपशमाचे स्थान शोधणे ही करणी तुटलेल्या बाहूची नव्हे.

तिसरी हरकत अशी की, कोकणच्या बंदरांवर जाळीच्या जाळी माकूल उतरतो आणि आपण तो आवडीने खातो. मग प्रयोगशाळेतील मोजक्या जीवांसाठी एवढी चिंता का? परंतु बोकड कापण्याची मुभा असली तरी त्याला तडफडवीत ठेवण्याची मुभा कोणताही कायदा देत नाही. आहाराचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारार्ह आहे. त्याच्या आडोशाने दुसरी क्रूरता झाकता येत नाही.

उरला संशोधनाच्या हानीचा मुद्दा. माकुलाच्या महाकाय चेतातंतूवर काम करूनच हॉजकिन आणि हक्सली यांनी चेतासंदेशाचे विद्युत्स्वरूप उलगडले आणि 1963 साली नोबेल पारितोषिक मिळविले. हे ऋण आम्ही नाकारीत नाही. पण ब्रिटनने 1993 साली सामान्य अष्टपादाला प्रयोगविषयक कायद्याच्या कक्षेत घेतले, युरोपीय संघाने 2013 पासून सर्व जिवंत शीर्षपादांस संरक्षण दिले, आणि तरीही तेथील संशोधन थांबलेले नाही. शिवाय भयाने व यातनेने विकृत झालेल्या प्राण्यापासून मिळालेले निष्कर्ष शास्त्राच्याही कामाचे नसतात.

आता मंडन. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात ‘प्राणी’ म्हणजे मनुष्येतर कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. तीत कण्याची अट नाही. कलम 14 ज्ञानवृद्धीसाठी प्रयोगांस मोकळीक देते, तर कलम 17 ते दक्षतेने, भूतदयेने आणि शस्त्रक्रियेच्या प्रसंगी शक्यतो भूल देऊन व्हावेत अशी अपेक्षा बाळगते. म्हणजे तत्त्व दप्तरात आहेच. हवी आहे ती तपशीलवार नियमावली व तिचा प्रामाणिक अंमल. एकलकोंड्या अष्टपादाला स्वतंत्र टाकी व दडण्यास बीळ असावे. पाण्याची शुद्धता रोज तपासली जावी. शस्त्रक्रियेपूर्वी समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड मिसळून किंवा अन्य परीक्षित उपायाने भूल दिली जावी. आणि प्रयोगाची आवश्यकता प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीपुढे सिद्ध झाल्याखेरीज एकही जीव टाकीत आणला जाऊ नये.

हे काम केवळ समुद्रकाठच्या संस्थांचे नव्हे. शिरवळच्या आणि महाराष्ट्रातील सर्व पशुवैद्यक महाविद्यालयांच्या अध्यापकांस व विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे की, या प्राण्यांच्या वेदनेचे व भूलशास्त्राचे ज्ञान आपल्या अभ्यासात सामावून घ्यावे आणि ही नियमावली सिद्ध करण्यास पुढे यावे. ज्या जीवाला वेदना होते, त्याचा न्यायावरील अधिकार त्याच्या अस्थींवर अवलंबून ठेवता येणार नाही.