सोरायसिस : शिवाशिव नको, मनाने घेतलेली ट्यूबही नको

विहारात खीरदानाची पंगत बसते, तेव्हा अंगावर चट्टे असलेला माणूस कडेला जाऊन बसतो. कधी तो स्वतःहून बसतो, कधी शेजारचे सरकतात. हा आजार सोरायसिस असू शकतो. तो शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एक टॉवेल वापरल्याने लागत नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन शिवाशिवीला आव्हान देणाऱ्या समाजात कातडीवरून माणूस दूर बसावा, हे आम्हाला मान्य नाही. उदानातला सुप्पबुद्ध आठवा. तो कुष्ठरोगी, दरिद्री. जेवण वाटत असतील असे समजून तो गर्दीजवळ आला आणि कडेला बसला. तथागतांनी त्यालाच समोर ठेवून धम्म सांगितला.

सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच बिघडते. एरवी सुमारे महिनाभरात नवी होणारी त्वचा तीन-चार दिवसांतच वर येते आणि खपल्या साचतात. कोपर, गुडघे, कंबर, डोके या जागा नेहमीच्या. पुस्तकात चट्टे लाल दाखवतात. आपल्या सावळ्या अंगावर ते जांभळट, काळपट दिसतात. म्हणून घरचे त्याला गजकर्ण समजतात आणि मेडिकलमधून ट्यूब आणतात.

खरा धोका इथे आहे. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. पहिल्या आठवड्यात चट्टा दबतो, म्हणून माणूस ती महिनोन्महिने लावतो. त्वचा पातळ होते, वळ उठतात आणि ट्यूब थांबवताच आजार दुप्पट जोराने उसळू शकतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. तरीही ती काउंटरवर सहज मिळतात. ससूनला जायचे तर रोजंदारी बुडते, हे आम्हाला कळते. पण शिकलेल्या पोराकडून ट्यूबवरचे नाव वाचून घ्या. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असे लिहिले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

चिठ्ठीशिवाय करता येण्यासारखेही पुष्कळ आहे. कोमट पाण्याने अंघोळ करा, दगडाने घासू नका. अंग टिपून ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावा, दिवसातून दोन-तीनदा. जाड खपल्यांसाठी सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे मलम, डोक्यासाठी कोल टारचा शाम्पू मिळतो. मात्र लहान मुले आणि गरोदर बायांसाठी आधी डॉक्टरांना विचारा. खपल्या ओरबाडू नका. दारू आणि तंबाखू आजार वाढवतात. पंचशीलातले पाचवे शील इथे औषधासारखे आहे.

हे उपाय आराम देतात, आजार मुळातून काढत नाहीत. 'कायमचा बरा करतो' असे सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. सकाळी बोटे, सांधे आखडत असतील, नखांवर खड्डे पडत असतील किंवा चट्टे अंगभर पसरत असतील, तर उशीर न करता ससूनच्या त्वचारोग विभागात जा. सांध्यांचे नुकसान एकदा झाले की भरून येत नाही.

प्रत्येक विहार समितीने दोन गोष्टी कराव्यात, अशी आमची मागणी आहे. येत्या २९ ऑक्टोबरच्या जागतिक सोरायसिस दिनी त्वचारोगतज्ज्ञांना विहारात बोलवावे. आणि पुढच्या खीरदानात वाढण्याची पळी अशाच एखाद्या बांधवाच्या हाती द्यावी.

जयभीम!