गणदेवीवरचा डोळा

अलीकडे आमचे विद्यार्थी मोबाईलच्या पडद्यावर चित्रकथा वाचतात. त्यांत इतिहास उलटापालटा केलेला असतो. जुन्या रणांगणांवर ड्रोन घिरट्या घालतात आणि दूर बसलेला सेनापती शत्रूची प्रत्येक हालचाल न्याहाळतो. या छंदास नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ लिहून हा मार्ग मराठीत पूर्वीच दाखविला आहे. १७६१ साली विश्वासरावांना लागलेली गोळी त्या कथेत चुकते, आणि तेवढ्या फरकातून निराळा हिंदुस्थान उभा राहतो.

आमची तक्रार वेगळी आहे. यंत्राने पाहिले की रक्षण झालेच, असे या चित्रकथा गृहीत धरतात. आपल्या सुरतेचेच पाहा. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुमारे २८ मैलांवरील गणदेवीस येऊन ठेपल्याची बातमी शहरास आदल्या दिवशीच कळली होती. ड्रोन नव्हता, पण बातमी होती. शहराचा अधिकारी इनायतखान ५०० शिपायांचा पगार खजिन्यातून उचलीत असे. शिपाई मात्र त्याने ठेवलेच नव्हते. तो तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला. धनिकांनी किल्लेदारास पैसे चारून आत जागा मिळविली. सामान्य लोक बायकामुलांसह वाट फुटेल तिकडे, कोणी नदीपलीकडे, पळाले. इंग्रजांनी आपली वखार निर्धाराने राखली. मराठी घरांत वाढलेले आम्ही ही मोहीम महाराजांच्या बाजूनेच शिकलो, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. पण या शहरात शिकवू लागल्यावर ती पळणाऱ्यांच्या बाजूनेही वाचणे प्राप्त झाले.

आता गणदेवीवर खुशाल ड्रोन उडवा. इनायतखानास बातमी दोन दिवस आधी कळेल. तो दोन दिवस आधी किल्ल्यात शिरेल. किल्लेदाराचा भाव तेवढा वाढेल! नारळीकरांनी एक गोळी हलविली. सुरतेची कथा बदलावयाची तर ते ५०० शिपाई खरोखर उभे करावे लागतील. पण त्यांचे चित्र काढावे असे कोणास वाटत नाही, कारण त्यांत आकाशातून पाहण्याची मौज नाही.

आज आपल्या चौकाचौकांत कॅमेरे आहेत. त्यांनी टिपलेले कोण पाहतो, आणि पाहून कोणास सावध करतो, हे आमच्या वर्गातील मुले अद्याप विचारीत नाहीत. त्यांपैकी कोणी १६६४ ची चित्रकथा काढावयास घेतलीच, तर पहिल्या चौकटीत ड्रोन नको. किल्ल्याचा दरवाजा काढावा, आणि त्याच्या बाहेर पैसे नसलेली माणसे.